परदेशी नातेवाइकांकडचा नाताळ आणि रस्त्यावरच्या मुलांचे जेवण: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मुलगा, मुलगी किंवा भावंडे परदेशी स्थायिक झाली, की नाताळच्या सुट्टीत त्यांच्याकडे जाणे ही अनेक कुटुंबांची ठरलेली गोष्ट होते. त्या मुक्कामात, तिथल्या रस्त्यावर दिवस काढणाऱ्या मुलांना जेवू घालण्याच्या कामाला आपलाही हात लागावा, अशी इच्छा असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. या कामाचे एक विचित्र गणित आहे. २५ डिसेंबरला वाढायला उभे राहणारे हात गरजेपेक्षा जास्त होतात आणि सण सरला की मोठे पातेले उचलायला दुसरा माणूस शोधावा लागतो. म्हणून पुढच्या बहुतेक सूचनांचा रोख एकच आहे: आपला स्वतंत्र उपक्रम काढू नये, जे लोक वर्षभर तिथे मुलांना जेवण देतात त्यांच्या चालू कामात, त्यांना माणसे कमी पडतात त्या दिवशी, ते सांगतील ते काम करावे.

आधी घरच्यांशी बोलणे

पाहुणे म्हणून राहायचे, तर वेळापत्रक यजमानांचे चालते. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच त्यांच्याकडे नाताळचे मुख्य जेवण केव्हा असते आणि त्या दिवशी कोण कोण येणार आहे, हे विचारून घ्यावे. काही घरांत २४ डिसेंबरची संध्याकाळ महत्त्वाची असते, तर काही घरांत २५ची दुपार. जुलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स कुटुंबांत हाच सण ७ जानेवारीला येतो आणि आर्मेनियन अपोस्टोलिक चर्च तो ६ जानेवारीला साजरा करते. सून किंवा जावई तिथलेच असतील, तर आपण स्वतः हा सण पाळत असू वा नसू, त्यांच्या दृष्टीने तो घरच्या देवघराइतकाच जवळचा आहे हे लक्षात ठेवून बेत आखावा. सणाचा मुख्य दिवस पूर्णपणे घराला द्यावा आणि बाहेरच्या कामासाठी त्याच्या आधीचे किंवा नंतरचे दिवस निवडावेत. योगायोगाने संस्थांनाही तेच दिवस अधिक सोयीचे असतात.

दुसरी बाब ओझ्याची. सेवेला जायचे आपण ठरवतो, पण गाडी काढणे, भाषा समजावून सांगणे, अनोळखी वस्तीत सोबत येणे आणि उशिरा परतल्यावर आपल्यासाठी पुन्हा जेवण गरम करणे हे सगळे यजमानांच्या वाट्याला येते. म्हणून विनंती मोजकी आणि स्पष्ट असावी. “दादा, आम्ही २० तारखेला पोहोचतो. २७ला सकाळी आम्ही दोघेच एका संस्थेच्या स्वयंपाकघरात जाणार आहोत, बसने जाऊ आणि तीनपर्यंत परत येऊ. तुमचा आणि वहिनींचा काही बेत असेल तर दिवस बदलता येईल,” असे फोनवर सांगितले, की समोरच्याला होकार देणेही सोपे जाते आणि नकार देणेही. घरचे कुणी स्वतःहून सोबत यायला तयार झाले, तर ते मनापासून स्वीकारावे, कारण आपण परतल्यावर त्या संस्थेशी संबंध टिकवू शकणारे तेच असतात.

दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामात दोन किंवा तीन अर्धे दिवस पुरेसे होतात, असे माझे मत आहे. नातवंडांना भेटायला सातासमुद्रापार जायचे आणि रोज सकाळी त्यांना सोडून बाहेर पडायचे, यात संस्थेचा थोडा फायदा होत असेलही, पण घरात जो रुसवा साचतो तो पुढच्या भेटीपर्यंत पुरतो.

व्हिसा, विमा आणि लशी

कुटुंबभेटीच्या किंवा पर्यटनाच्या व्हिसावर बिनपगारी काम चालते का, याचे उत्तर देशागणिक बदलते. उदाहरणार्थ, ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, मात्र तो भेटीचा मुख्य हेतू असता कामा नये. काही देशांत मात्र मोबदला नसला तरी ते कामच मानले जाते. ज्या देशात जायचे आहे त्याच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर हा नियम वाचावा, शंका असल्यास लेखी विचारावे आणि विमानतळावरील अधिकाऱ्याने हेतू विचारला तर खरे तेच सांगावे. प्रवास विम्यात स्वयंसेवेदरम्यानची दुखापत धरली आहे का, हेही पॉलिसीत पाहावे, कारण भाजणे आणि कापणे हे मोठ्या स्वयंपाकघरातले नेहमीचे प्रकार आहेत.

लशींसाठी निघण्यापूर्वी चार ते सहा आठवडे डॉक्टरांना भेटावे. अन्न हाताळणाऱ्यांच्या बाबतीत हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड या दोन्ही लशींचा विचार होतो, कारण हे आजार दूषित अन्नपाण्यातून पसरतात आणि आपल्याला लक्षणे जाणवण्याआधीच आपल्याकडून ते दुसऱ्याला जाऊ शकतात.

संस्था निवडणे

लेखातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत वेळखाऊ टप्पा हाच आहे. त्याची सुरुवात सप्टेंबरमध्ये, फार तर ऑक्टोबरमध्ये करावी. डिसेंबर उजाडेपर्यंत चांगल्या संस्थांच्या स्वयंसेवकांच्या याद्या भरलेल्या असतात आणि त्यांच्या कार्यालयातल्या माणसांना पत्रांना उत्तरे द्यायलाही फुरसत नसते.

आधी आपण कोणत्या मुलांविषयी बोलतो आहोत ते समजून घ्यावे. बालहक्क संहिता, म्हणजे मुलांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार, १९८९ साली स्वीकारली गेली. तिच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१७ साली रस्त्यावरच्या मुलांविषयी आपले २१वे सामान्य भाष्य, म्हणजे संहितेचा अर्थ उलगडून सांगणारे निवेदन, प्रसिद्ध केले. त्यात दोन्ही प्रकारची मुले धरली आहेत: जी एकटी, मित्रांसोबत किंवा कुटुंबासह रस्त्यावरच राहतात ती, आणि जी रात्री घरी परततात पण ज्यांचा दिवस, कमाई आणि ओळखपाळख रस्त्याशीच बांधलेली असते ती. जेवणाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पहिल्या गटाला रात्रीचे गरम जेवण आणि सकाळपर्यंत टिकेल असे काहीतरी लागते. दुसऱ्या गटातील मुले दुपारी भेटतात आणि त्यांना मिळालेले अन्न अनेकदा घरी धाकट्या भावंडांपर्यंत जाते. संस्थेला “तुम्ही कोणत्या मुलांना, कोणत्या वेळी आणि कुठे जेवण देता?” हा प्रश्न विचारला आणि उत्तर नेमके आले, तर ती संस्था मुलांना खरोखर ओळखते असे समजायला हरकत नाही. त्याच प्रश्नाला नुसता “हजारो मुलांना” असा आकडा मिळाला, तर पुढची चौकशी अधिक बारकाईने करावी. जगभरातील अशा मुलांची नेमकी मोजदाद झालेली नाही; मोठमोठे गोल आकडे छापणाऱ्या पत्रकांकडे म्हणूनच थोडे सावधपणे पाहिलेले बरे.

शोध कुठून सुरू करावा? लंडनमध्ये मुख्यालय असलेली कन्सॉर्शियम फॉर स्ट्रीट चिल्ड्रन ही अशा कामातील संस्थांची आंतरराष्ट्रीय साखळी आहे आणि तिच्या सदस्यांमध्ये अनेक देशांतील स्थानिक संस्था आहेत. याशिवाय यजमानांच्या ओळखीतील शिक्षक, परिचारिका, जवळच्या चर्च, मशिदी किंवा गुरुद्वाऱ्याच्या सामुदायिक स्वयंपाकघरातील लोक यांना विचारावे. वर्षभर काम करणाऱ्यांची नावे अशा माणसांच्या तोंडी सहज येतात. दोन-तीन नावे मिळाली, की त्यांची नोंदणी, ताजा वार्षिक अहवाल आणि हिशेब पाहावेत.

यानंतर एक पत्र लिहावे. त्यात आपण कधी येणार, किती जण, वये काय, कोणत्या भाषा येतात, स्वयंपाकाचा किंवा आरोग्याचा अनुभव आहे का, आणि कोणते दिवस मोकळे आहेत हे असावे. “तुम्हाला माणसे कमी पडतात असा दिवस कोणता?” हे वाक्य मुद्दाम घालावे. “आम्हाला मुलांमध्ये मिसळायचे आहे” हे वाक्य मात्र गाळावे. भाजी चिरणे, भांडी घासणे, पाकिटे भरणे, सामान मोजून ठेवणे अशा पडद्यामागच्या कामांची तयारी दाखवणाऱ्याला उत्तर लवकर येते.

उत्तरात काय यायला हवे, तेही पाहावे. चांगली संस्था बालसंरक्षण धोरण पाठवते, त्यावर सही मागते, पोलीस पडताळणी प्रमाणपत्राची विचारणा करते आणि मुलांशी एकट्याने न बोलण्याचा नियम सांगते. हे प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, म्हणूनही सुरुवात लवकर करावी. काही लोकांना ही चौकशी अपमानास्पद वाटते; मला ती संस्थेची सर्वांत मोठी शिफारस वाटते. जी संस्था नाव-गाव न विचारता “आजच या, मुलांसोबत खेळा, फोटो काढा” म्हणते, ती उद्या कुणालाही तेच म्हणणार.

विशेष सावधगिरी बाळगायची ती पर्यटकांसाठी दारे उघडी ठेवणाऱ्या अनाथाश्रमांबाबत. जगभरात अशा संस्थांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण हयात असतो, ही बाब बालहक्क क्षेत्रात आता सर्वमान्य आहे. पाहुण्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या आश्रमांना मुले दाखवावी लागतात आणि त्यासाठी ती गरीब घरांतून आणली जातात, असे अनेक ठिकाणी आढळले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०१९मध्ये मंजूर केलेल्या बालहक्कविषयक ठरावात पर्यटनाच्या निमित्ताने होणाऱ्या अनाथाश्रमांतील स्वयंसेवेच्या हानीची दखल घेतली आहे. नाताळच्या सुमारास मुलांकडून पाहुण्यांसमोर नाचगाणी करवून घेणारा आश्रम दिसला, तर तिथे खाऊ घेऊन जाण्याचा मोह आवरावा.

पैसे द्यावेत की वस्तू

शक्यतो पैसे द्यावेत. संस्था घाऊक दराने खरेदी करते, तिला मुलांच्या सवयी माहीत असतात, आणि तिच्या कोठीत काय शिल्लक आहे हे आपल्याला ठाऊक नसते. देणगी संस्थेच्या खात्यात द्यावी, पावती घ्यावी आणि ती कोणत्याही महिन्यात वापरण्याची मुभा लेखी द्यावी. “नाताळच्या जेवणासाठीच” अशी अट घातली, की डिसेंबरात पक्वान्ने होतात आणि फेब्रुवारीत कोठी रिकामी राहते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आपल्या देशात करसवलत सहसा मिळत नाही, हे गृहीत धरूनच रक्कम ठरवावी.

घरून खाऊ नेण्याचा विचार सोडून दिलेलाच बरा. अनेक देशांत प्रवासी सामानातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून असे पदार्थ नेता येत नाहीत आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये कोणताही खाद्यपदार्थ जाहीर न केल्यास जबर दंड होतो. शिवाय घरगुती पदार्थात काय काय आहे याची नोंद नसल्याने बहुतेक स्वयंपाकघरे तो स्वीकारत नाहीत. सणाच्या मेजवानीत उरलेले अन्न डब्यात भरून “मुलांना देऊ” म्हणणारे नातलग जवळपास प्रत्येक घरात भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण चार तास टेबलावर राहिलेले, अनेकांचे चमचे लागलेले अन्न आपण आपल्या नातवंडाला देणार नाही, तर ते दुसऱ्याच्या मुलालाही देऊ नये.

रस्त्यावर तान्ही बाळे घेऊन बसलेल्या आया दिसतात, तेव्हा बाळासाठी दुधाच्या पावडरीचा डबा विकत घेऊन देण्याची ऊर्मी येते. तो देऊ नये. स्वच्छ पाणी, इंधन आणि बाटली उकळण्याची सोय नसेल तिथे पावडरीचे दूध बाळाला जुलाबाकडे नेते, आणि मधल्या काळात आईचे दूध आटते. मातृदुग्धाला पर्यायी पदार्थांच्या विक्री-प्रसाराला आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता जागतिक आरोग्य सभेने १९८१ सालीच स्वीकारली, तिच्यामागे हाच अनुभव होता. त्या आईला स्वतःला पोटभर जेवण आणि पिण्याचे स्वच्छ पाणी मिळेल असे पाहावे. बाळाची काळजी वाटली तर संस्थेच्या आरोग्यसेविकेला सांगावे. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, हेही सोबतच्या मंडळींना सांगून ठेवावे.

स्वयंपाकघरात

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नासाठी पाच सूत्रे दिली आहेत: स्वच्छता, कच्चे व शिजवलेले वेगळे ठेवणे, पूर्ण शिजवणे, योग्य तापमानात ठेवणे, आणि पाणी व कच्चा माल सुरक्षित असणे. घरी आपण हे सगळे अंदाजाने करतो. शंभर माणसांच्या पातेल्यात अंदाज चालत नाही, कारण कडेचे अन्न उकळत असताना मधले अन्न कोमट असू शकते. म्हणून तापमापी पातेल्याच्या मध्यभागी घालून किमान ७० अंश सेल्सिअस झाल्याची खात्री करतात. शिजलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर ठेवायचे किंवा लवकर थंड करून ५ अंशांखाली न्यायचे. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये.

भाताच्या बाबतीत एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला, की ते रुजतात आणि एक विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. “पुन्हा चांगला गरम केला की झाले” ही आपली घरची समजूत इथे उपयोगाची नाही.

डिसेंबर म्हटले की थंडी, हेही सगळीकडे खरे नाही. दक्षिण गोलार्धात तो भर उन्हाळा असतो आणि गाडीच्या डिकीत ठेवलेले डबे बघता बघता धोक्याच्या पट्ट्यात येतात. उत्तरेकडील थंडीत अडचण उलटी येते: उघड्यावर वाढलेले अन्न काही मिनिटांत गार होते, म्हणून जाड झाकणाचे उष्णतारोधक डबे लागतात आणि झाकण प्रत्येक वेळी लगेच बंद करणारा एक माणूस नेमावा लागतो. हे काम कंटाळवाणे दिसते, पण रांगेतल्या शेवटच्या मुलाला गरम घास मिळणे त्याच्यावर अवलंबून असते.

आपल्याला जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील, तर लक्षणे पूर्ण थांबल्यानंतर ४८ तास स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये. प्रवासानंतर पोट बिघडणे सर्रास घडते आणि “आता बरे वाटते” म्हणून लोक जातात. संस्थेला फोन करून न येण्याचे खरे कारण सांगावे. तिथे कुणी नाराज होत नाही.

घटक पदार्थांची नोंद ठेवणे हा आणखी एक नियम. युरोपीय संघात १४ आणि अमेरिकेत ९ अ‍ॅलर्जीकारक घटक ठळकपणे नोंदवावे लागतात. रस्त्यावरच्या मुलाला आपल्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे माहीतच नसण्याची शक्यता मोठी असते, म्हणून शेंगदाणा, काजू, तीळ असे पदार्थ अनेक स्वयंपाकघरे मुळातच वापरत नाहीत. पाच वर्षांखालील मुलांसाठी अख्खे दाणे, अख्खी द्राक्षे आणि कडक गोळ्या टाळाव्यात, कारण ते घशात अडकतात. आणि सण नाताळचा असला, तरी जेवायला येणारी सगळी मुले ख्रिस्तीच असतील असे नाही. कोणत्या मांसाला मनाई आहे, मिठाईत जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणारा पदार्थ) आहे का, हे संस्थेला विचारून घ्यावे.

वाढताना

पंगत सुरू होण्यापूर्वी संस्थेची माणसे वाढप्यांना जागा नेमून देतात. ती जागा सोडू नये. पहिल्या मुलापासून एकच ओगराळे आणि एकच माप ठेवावे. सुरुवातीला सढळ हाताने वाढून शेवटी हात आखडावा लागला, की रांगेच्या टोकाची मुले ते नेमके टिपतात, आणि पुढच्या वेळी पुढे येण्यासाठी धक्काबुक्की होते. मोठी मुले लहानांचे हिसकावतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी लहानांना आधी बसवून जागेवरच जेवायला देतात. बांधून देण्याचा आग्रह आपण धरू नये.

एखादा मुलगा अर्धे खाऊन उरलेले शर्टाच्या आत सरकवतो, ताट लगेच पुढे करतो आणि आपल्या डोळ्यांकडे न पाहता आणखी मागतो. तो लबाडी करत नसतो. ते कुठल्या तरी आडोशाला झोपलेल्या धाकटीसाठी असते, नाहीतर रात्रीसाठी. अशा वेळी चारचौघांत हटकू नये; दुसऱ्यांदा वाढायचे की नाही हे तिथल्या कार्यकर्त्याकडे नजर टाकून ठरवावे. दुसरा एखादा काहीच खात नाही, नुसता बसून राहतो. त्याचे दात दुखत असू शकतात, किंवा गोंद व तत्सम द्रव्ये हुंगल्याने भूक मेलेली असू शकते. दोन्ही गोष्टी कार्यकर्त्यांच्या लक्षात आणून द्याव्यात आणि आपण आपले ओगराळे सांभाळावे.

स्थानिक भाषेतली तीन-चार वाक्ये आधीच पाठ करून जावे: गरम आहे, आणखी हवे का, पाणी तिकडे आहे. “तुझे आईवडील कुठे असतात?” हा प्रश्न विचारू नये, मुलाने स्वतः सांगितल्याशिवाय नावही विचारू नये, आणि “उद्या भेटू” असे तर अजिबात म्हणू नये, कारण उद्या आपण येणार नसतो. भेटवस्तू द्यायच्याच असतील तर त्या संस्थेमार्फत, सर्वांना सारख्या आणि हिसकावून विकण्यासारख्या नसलेल्या असाव्यात. सांताक्लॉजचा पोशाख घालण्याची हौस असणाऱ्यांनीही आधी विचारावे. दाढीवाला अनोळखी माणूस अंगावर आला की काही लहान मुले चक्क पळ काढतात.

गाडीच्या खिडकीतून पाकिटे वाटत जाणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. मुले रहदारीत धावतात, मोठी लहानांना ढकलतात, आणि अन्न मिळते ते ज्याला कमीत कमी गरज आहे त्याला.

छायाचित्रे

मुलांचे छायाचित्र काढू नये. बालहक्क संहितेचे १६वे कलम मुलाच्या खासगीपणाचे संरक्षण करते, पण कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधे आहे. यातली काही मुले घरच्या मारहाणीपासून किंवा विकून टाकू पाहणाऱ्यांपासून पळालेली असतात, आणि मोबाइलच्या छायाचित्रात जागेचा पत्ताही साठवला जातो. कुटुंबाच्या गटावर पाठवलेले चित्र कुठवर जाईल हे कुणाच्याच हातात नसते. आठवण हवीच असेल, तर घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यांसोबत आपला फोटो काढावा.

आपली मुले सोबत असतील तर

बहुतेक संस्था वाढण्याच्या जागी लहान मुलांना येऊ देत नाहीत. किशोरवयीनांना पालकांसोबत परवानगी मिळते. लहानांना घरी पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवण्यासारखे काम देता येते. जाण्यापूर्वी मुलांशी बोलावे, काय दिसेल ते सांगावे, आणि परतल्यावर त्यांचे ऐकावे. “बघ, यांना काही मिळत नाही आणि तू ताटात टाकतोस,” हे वाक्य त्या मुलांच्या देखत उच्चारणारे पालक मी पाहिले आहेत. तिथे जेवायला बसलेले मूल कुणाचा धडा नसते आणि त्याला भाषा कळत नसली तरी सूर कळतो.

काही वावगे दिसले तर

फार खंगलेले, पाय सुजलेले किंवा निपचित पडलेले मूल दिसले, तर त्याला एकदम भरपूर खाऊ घालू नये. दीर्घ उपासमारीनंतर अचानक जड जेवण मिळाले, की रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियमचे प्रमाण घसरते आणि हृदय बंद पडण्याचाही धोका असतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण समजतात; ही मोजणी आणि पुढचा आहार प्रशिक्षित माणसांनीच ठरवायचा असतो. आपले काम त्यांना तातडीने बोलावण्याचे.

मुलाने मारहाण किंवा लैंगिक छळाविषयी काही सांगितले, तर शांतपणे ऐकावे, खोदून विचारू नये, “कुणालाही सांगणार नाही” असे वचन देऊ नये, आणि संस्थेच्या बालसंरक्षण अधिकाऱ्याला त्याच दिवशी, शक्यतो मुलाच्याच शब्दांत कळवावे. मुलाला यजमानांच्या घरी घेऊन जाणे, मग ती एका रात्रीपुरती का होईना, कायद्याने अपहरण ठरू शकते. संस्थेबाहेर मदत लागली, तर बऱ्याच देशांत मुलांसाठी मोफत हेल्पलाइन असते. युरोपातील अनेक देशांत तिचा क्रमांक ११६१११ असा एकच आहे, आणि २००३ साली स्थापन झालेल्या चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनलच्या संकेतस्थळावर इतर देशांचे क्रमांक मिळतात. पोहोचल्याच्या दिवशीच तो मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

शेवटच्या दिवशी संस्थेला जानेवारी ते मार्च या काळात काय कमी पडते ते विचारावे. उत्तर बहुधा गॅस, तेल, गाडीचे इंधन, भांडी घासणाऱ्या बाईंचा पगार असे रुक्ष असते. देणगी त्यासाठी द्यावी. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा लहान रक्कम देणे जमत असेल, तर तशी सूचना बँकेला देऊन यावी, कारण संस्थेला पुढच्या महिन्याची खरेदी त्यावरून ठरवता येते. यजमानांपैकी कुणाला महिन्यातून एकदा जाणे शक्य असेल, तर त्यांची ओळख संस्थेच्या प्रमुखांशी करून द्यावी. ते आपल्या वतीने शब्द देतील असे मात्र परस्पर ठरवू नये.

मुलांशी समाजमाध्यमांवर संपर्क ठेवू नये आणि त्यांना थेट पैसे पाठवू नयेत. चौकशी संस्थेमार्फतच करावी. पुढच्या वर्षीही जायचे ठरत असेल, तर पडताळणी प्रमाणपत्राची मुदत पाहून ठेवावी आणि संस्थेला सप्टेंबरातच आपल्या तारखा कळवाव्यात. २५ डिसेंबर सोडून.